शेकरू आणि हरियाल: राज्यचिन्हांमागची गोष्ट

स्पर्धा परीक्षेला बसलेल्या कुठल्याही पोराला महाराष्ट्राची राज्यचिन्हं विचारा, एका दमात सांगेल: प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, झाड आंबा, फूल ताम्हण, फुलपाखरू ब्लू मॉरमॉन. यादी पाठ असते. पण साताऱ्या-सांगलीच्या माणसाला यातलं बरंच काही घराजवळ बघायला मिळतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

अशी चिन्हं ठरवण्याचा पायंडा देशपातळीवर पडला. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७३ साली वाघ राष्ट्रीय प्राणी झाला, त्याआधी तो मान सिंहाचा होता. पुढे राज्यांनी आपापली चिन्हं निवडली. महाराष्ट्राने वाघ-बिबट्या सोडून एका खारीला मान दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शेकरू फक्त भारतातच सापडतं. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट, झुपकेदार शेपूट. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकतं आणि पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून निवांत कुरतडतं. जमिनीवर क्वचितच उतरतं. वीसेक फुटांची उडी मारतं खरं, पण दोन झाडांत त्याहून जास्त अंतर पडलं की त्याची वाटच तुटते. म्हणून शेकरू दिसलं, तर वर फांद्यांना फांद्या भिडलेल्या आहेत असं समजावं.

१९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. त्याच वर्षी आपल्याकडे कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं झाली. २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. २०१२ साली कास, कोयना, चांदोली जागतिक वारशात गेली. धरणं आणि जंगलापायी इथली गावंच्या गावं उठली. शेकरूचं कौतुक करताना त्या माणसांचं देणं विसरू नये.

फुलपाखराचा मान २०१५ सालचा. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेलं हे मोठं फुलपाखरू लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं. कोवळी अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. परसातल्या लिंबावर ती दिसली तर झटकू नका.

ताम्हण उन्हाळ्यात, महाराष्ट्र दिनाच्या आसपास, जांभळ्या फुलांनी भरून जातो. पापलेट हा मासा आणि पांढरी चिप्पी हे खारफुटीचं झाड, ही अलीकडची चिन्हं कोकण किनाऱ्याची.

उरला हरियाल, म्हणजे हरोळी. त्यासाठी डोंगर चढायला नको. पिवळ्या पायांचं हे हिरवं कबुतर वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगतं. पानांत बसलं की दिसतच नाही. शीळ ऐकू येते, मग एकदम थवाच उडतो. रस्ते रुंद करताना आपल्याकडचे कितीतरी जुने वड गेले. २०२० साली मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा, सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड महामार्गात जाणार होता. लोक त्याच्यासाठी उभे राहिले आणि रस्त्याचा आराखडा बदलावा लागला.