व्होल्ट वाढवून छर्‍याचा वेग वाढत नाही

एअरसॉफ्टच्या (प्लास्टिकचे छर्रे मारायच्या खेळातल्या) इलेक्ट्रिक बंदुकीत ७.४ ऐवजी ११.१ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लावली की छर्रा जास्त वेगाने सुटतो, हा समज साफ चुकीचा आहे. मोटर गिअर फिरवून पिस्टन मागे ओढते, बस्स. गिअरचा शेवटचा दात सुटला की पुढचं काम स्प्रिंगचं: ती पिस्टन पुढे ढकलते आणि त्याने दाबलेली हवा छर्रा सोडते. वेग स्प्रिंगच्या ताकदीवर आणि हवा कुठे गळते त्यावर ठरतो. जास्त व्होल्टने वाढतो तो माऱ्याचा दर. तो फार वाढला, तर पिस्टन पूर्ण पुढे येण्याआधीच गिअर त्याला पकडतो आणि पिस्टनचे दात सोलून निघतात. मॉस्फेट (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसेल तर ट्रिगरचे कॉन्टॅक्टही ठिणग्यांनी जळून काळे पडतात.

गॅसच्या बंदुकीचं गणित निराळं. तिथे मॅगझिनमध्ये द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर छर्रा ढकलणारा दाब तापमानावरच ठरतो: प्रोपेनचा २० अंश सेल्सिअसला सुमारे ८.४ बार, शून्याला जेमतेम ४.७.