आरशाची फ्रेम दगडाच्याच रंगाची हवी? मुळीच नाही

पुण्यात नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की सुतारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच सांगतात: बेसिनचा ग्रॅनाइट ज्या रंगाचा, आरशाची फ्रेम त्याच रंगाची घ्या. वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

दगड नैसर्गिक असतो. एकाच खाणीतल्या दोन लाद्याही तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय बेसिनचा ओटा आडवा आणि पॉलिश केलेला, त्यात वरचा दिवा चमकतो. फ्रेम मात्र उभी. म्हणून दुकानात हुबेहूब वाटलेला तपकिरी रंग घरी जरासा चुकलेलाच दिसतो. त्यापेक्षा दगडातला दुसरा रंग पकडा: पांढऱ्या संगमरवरातली करडी शीर, काळ्या ग्रॅनाइटमधले चंदेरी ठिपके. नाहीतर सरळ नळाच्या फिनिशशी जुळवा. दगडाचा तुकडा आडवा आणि फ्रेमचा नमुना उभा धरून बाथरूमच्याच दिव्याखाली बघा.

रंगापेक्षा खरी काळजी फ्रेम कशाची आहे याची करायला हवी. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, फ्रेम पावसाळ्यात खालच्या कडेला फुगते, लॅमिनेट सुटतं. तिथं मुरलेलं पाणी आरशामागच्या चांदीच्या थरापर्यंत पोचलं की काठावर काळे डाग पडतात, आणि ते कशानंही जात नाहीत. ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील किंवा नीट पॉलिश केलेलं सागवान घ्या आणि ओट्यापासून चार बोटं वर बसवा. सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर काळी मॅट फ्रेम टाळाच. क्षारांचे पांढरे ठिपके तिच्यावर लगेच उठून दिसतात.