मुळं गारठली की झाड ओल्या मातीतही तहानलेलं राहतं

मराठवाड्याची थंडी कोरडी असते. समुद्र लांब, हवेत ओल कमी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की सगळी ऊब आभाळाकडे सोडून देते आणि ती अडवायला ना ढग असतात ना दमट हवा. म्हणून डिसेंबर-जानेवारीत परभणी, जालना, संभाजीनगर या भागात दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १० अंश किंवा त्याहून खाली, असा फरक एकाच दिवसात पडतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ५-६ अंशांवर उतरल्याची बातमी बऱ्याच हिवाळ्यांत वाचायला मिळते.

याच दिवसांत घरातली झाडं माना टाकतात. मनीप्लांट, डिफेनबॅकिया, सिंगोनियम, अरेका पाम यांची पानं सकाळी लोंबलेली दिसतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "पाणी कमी पडलं वाटतं." मग तांब्याभर पाणी ओतलं जातं, तेही गच्चीवरच्या टाकीतलं, रात्रभर गारठलेलं. दोन-तीन दिवसांत खालची पानं पिवळी पडतात आणि पुढे खोड बुडाशी मऊ होतं. माती मात्र पहिल्या दिवसापासून ओलीच होती. पाणी कमी नव्हतंच. मुळांना ते उचलता येत नव्हतं.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिलं होतं. कुंडीतली माती ३ ते ५ अंशांपर्यंत गार झाली की माती ओली असूनही तंबाखू आणि भोपळ्याची रोपं कोमेजून जात. कोबीला त्याच गारठ्याचा तितका त्रास होत नसे. म्हणजे दोष पाण्याच्या साठ्याचा नव्हता, तो मुळांच्या तापमानाचा होता. आणि कुठलं झाड मूळचं कुठल्या हवेतलं, यावर बरंच ठरत होतं.

मुळाच्या आत नेमकं काय होतं ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. पाणी आधी केसासारख्या बारीक मूलरोमांतून आणि बाहेरच्या पेशींच्या भिंतींमधून आत झिरपतं. मुळाच्या गाभ्याजवळ पेशींचं एक कडं असतं आणि त्या पेशींमधल्या फटी मेणासारख्या, पाणी न झिरपणाऱ्या पदार्थाने बुजवलेल्या असतात. तिथे पाण्याला आडवाटच उरत नाही. पुढे जायचं तर पेशीचं पातळ पटल ओलांडूनच. त्या पटलात पाण्यासाठी खास दारं असतात, ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांची. या प्रथिनांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

गारठ्यात यातली बरीच दारं बंद होतात. शिवाय पाणीही जड हलतं: ३० अंशांपेक्षा १० अंशांवरचं पाणी सुमारे १.६ पट दाट असतं, तेवढं ते बारीक नळ्यांतून हळू वाहतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पटलच ताठरतं, कारण ते स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं. हिवाळ्यात बरणीतलं तूप थिजतं, पण करडईचं तेल पातळच राहतं. फरक असतो तो त्यातल्या मेदाम्लांच्या घडणीचा. गव्हासारखं रब्बीचं पीक थंडी पडू लागली की आपल्या पटलात न थिजणाऱ्या मेदाम्लांचं प्रमाण वाढवतं, म्हणून त्याच पहाटे शिवारातला गहू टवटवीत असतो. मनीप्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा, अरेका पाम मादागास्करचा, डिफेनबॅकिया अमेरिकेच्या उष्ण जंगलांतला. त्यांच्यावर अशी वेळ कधी आलीच नाही. यांची वाढ साधारण १५ अंशांखाली थंडावते आणि १०-१२ अंशांखाली बराच काळ गेला तर पेशींना इजा व्हायला लागते. थंडीत काळवंडणाऱ्या तुळशीचं दुखणंही बरंचसं हेच.

इथे कुणीही विचारेल, बाहेर १० अंश असले तरी घरात तर १७-१८ असतात, मग मुळं एवढी गारठतात कशी? उत्तर कुंडीतच आहे. मातीच्या, न रंगवलेल्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि वाफ होऊन उडतं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. एक ग्रॅम पाणी वाफ होताना एवढी उष्णता घेऊन जातं की तेवढ्यात १०० ग्रॅम पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड व्हावं. हवा जितकी कोरडी तितका हा उद्योग जोरात. खोलीत १८ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर सतत ओला राहणारा पृष्ठभाग ११ अंशांच्या आसपास उतरू शकतो. प्रत्येक कुंडी इतकी गार होईलच असं नाही, पण रात्रभर ओली राहिलेली मातीची कुंडी खोलीपेक्षा चांगलीच थंड असते. सकाळी उठल्यावर एका हाताने ओल्या कुंडीला आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या कोरड्या लाकडी खुर्चीला स्पर्श करून पाहा. पण हाताचा अंदाज पुरेसा विश्वासार्ह नसतो, कारण माती लाकडापेक्षा हातातली ऊब लवकर ओढून घेते. खात्री करायची तर स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर मातीत तीन-चार इंच खुपसून पहाटे आकडा बघावा. जास्तीचं पाणी मुळांना दोन बाजूंनी मारतं, ते यामुळेच: एकीकडे हवा कोंडून मुळं सडतात, दुसरीकडे तेच पाणी कुंडी गार करत राहतं.

जमिनीत लावलेल्या झाडाला हा त्रास फारसा नाही. दीड फुटाखाली दिवस-रात्रीचा फरक जवळपास पोचतच नाही. आणखी खोलवर तर वर्षभर एकच तापमान टिकतं, म्हणून पहाटे बोअर सुरू केला की कोमट पाणी येतं आणि थंडीत त्यावर वाफ दिसते. कुंडीतल्या मुळाला मात्र चारही बाजूंनी हवा आणि खाली फरशी. त्यातही सगळ्यात नाजूक, नवी मुळं कुंडीच्या भिंतीला चिकटून वाढतात, म्हणजे नेमकी सगळ्यात थंड जागी.

फरशीचं काय करायचं ते सोपं आहे. शहाबादी असो, कडप्पा असो की टाइल, दगड उष्णता पटकन ओढून घेतो आणि खोलीतली गार हवाही खालीच बसते. कुंडी लाकडी पाटावर, विटांवर किंवा जुन्या स्टुलावर चढवली की मुळांचा थंड दगडाशी थेट संबंध तुटतो. माझ्या मते एवढा एक बदल बाकी सगळ्या खर्चिक वस्तूंपेक्षा मोलाचा आहे. रात्री कुंडी खिडकीच्या काचेपासून दोन हात आत घ्यावी.

पांघरूण घालायचं तर आपल्याकडे कडब्यासारखी दुसरी चीज नाही. ज्वारीचं धांड चिरून पाहा. वरची चकचकीत, टणक साल निघाली की आत पांढरा, हलका भेंड लागतो, ज्याच्या बैलगाड्या खेड्यातली पोरं करत आली. बोटाने दाबला की दबतो, कारण त्यात सगळी हवाच असते, आणि साठून राहिलेली हवा उष्णतेला सहज जाऊ देत नाही. कुंडीपेक्षा मोठी बादली किंवा डबा घ्यावा, त्यात कुंडी ठेवून मधल्या फटीत कडब्याचे बारीक तुकडे ठासून भरावेत. शहरात कडबा कुठून आणायचा, तर थर्माकोलचं खोकं किंवा तरटाचे दोन-तीन पदरही चालतील. पण हे सगळं कोरडं हवं. ओलं तरट कुंडीला गुंडाळणं म्हणजे ती आणखी थंड करणं. उन्हाळ्यात आपण पाण्याच्या कॅनला तेच करतो. आणि पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवतं. म्हणून कुंडी आधी तापलेली असली पाहिजे.

ती तापवायला ऊन आहे. डिसेंबरच्या अखेरीस आपल्या अक्षांशावर, म्हणजे १९ अंशांच्या आसपास, दुपारचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा आडवा येत नसेल तर ऊन खोलीत चांगलं पाच-सहा फूट आत येतं. अकरा ते चार या वेळात कुंडीचं पांघरूण काढून तिच्या अंगावर ते पडू द्यावं. पानांना कडक ऊन सोसत नसेल तर पानांसमोर पातळ पडदा चालेल. कुंडीला मात्र ऊन लागू द्यावं. संध्याकाळी ऊब असतानाच पुन्हा झाकावी.

पाणी सकाळी दहा-अकरानंतर, वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच. संध्याकाळी नको, कारण ते रात्रभर उडत राहील. टाकीचं पाणी असेल तर आदल्या रात्री घरात भरून ठेवावं किंवा त्यात थोडं गरम पाणी मिसळून हाताला ना गार ना गरम लागेल इतपत करावं. बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकावं. खत या दिवसांत बंद. गार मुळं फॉस्फरस नीट उचलू शकत नाहीत, आणि मातीतले जिवाणूही सुस्त असतात, तेव्हा घातलेलं खत नुसतं पडून राहतं. कुंडीत कच्चं शेण घालून ऊब येईल असंही काहींना वाटतं. उकिरडा तापतो तो त्याच्या मोठ्या ढिगामुळे. मूठभर शेण तापत नाही, उलट मुळांना इजा करतं.

विजेवर चालणाऱ्या गरम चटया मिळतात. फांदी लावून नवी मुळं फोडायची असतील तर त्या खरोखर उपयोगी आहेत, कारण बऱ्याच उष्ण कटिबंधीय झाडांची मुळं २१ ते २५ अंशांच्या मातीत लवकर फुटतात. वाढलेल्या झाडासाठी मराठवाड्यात त्यांची गरज नाही. आपली कडाक्याची थंडी थोड्याच आठवड्यांची आणि दुपारचं ऊन फुकटचं.

झाडाने मान टाकलीच असेल तर आधी मातीत बोट घालावं. ओल लागली तर पाण्याला हात लावू नये, कुंडी उचलून उन्हात ठेवावी. मुळं नुसती गारठलेली असतील तर माती तापल्यावर पानं हळूहळू सावरतात. दोन-तीन दिवस उन्हात ठेवूनही सावरली नाहीत, तर झाड कुंडीतून काढून मुळं तपासावीत. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. सडलेलं मूळ तपकिरी, बोटांत धरून ओढलं की साल निघून येते आणि आत दोरा उरतो. तेवढी मुळं स्वच्छ कात्रीने छाटून झाड कोरडसर, भुसभुशीत मातीत, छोट्या कुंडीत लावावं. धडधाकट झाडाची कुंडी बदलायची असेल तर तो विचार फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबवलेला बरा; तोवर रात्री उबदार होतात आणि तुटलेल्या मुळांच्या जागी नवी लवकर येतात.