बाईचं काम बाईने कधीपासून केलं?

एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत येतो, की पूर्वी नाटक-सिनेमात बायकांची सगळी कामं पुरुषच करायचे आणि खऱ्या अभिनेत्री आल्या त्या थेट बोलपट आल्यावर.

अर्धं खरं आहे म्हणून पटतं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषानेच केली, कारण बाई मिळेना, शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला स्वयंपाकी उभा केला. पण त्याच निर्मात्याचा लगेच पुढचा सिनेमा 'मोहिनी भस्मासुर' घ्या, त्यात आई पार्वती झाली आणि तिची पोरगी मोहिनी, आणि ही पोरगी नंतर कित्येक दशकं नाटकात अन् सिनेमात कामं करत राहिली. पहिला बोलपट आला १९३१ ला. मग ही दोघी कुठल्या खात्यात टाकायच्या?

नाटकाचं तर अजून उलटं. गाजलेल्या संगीत कंपन्यांत स्त्रीपार्ट पुरुष करायचे हे बरोबर, पण त्याच काळात नुसत्या बायकांच्या नाटक मंडळ्याही होत्या, तिथे राजा पण बाईच! त्यांना प्रतिष्ठा नव्हती, म्हणून नावं मागे पडली असं मला वाटतं.

हां, एका झटक्यात सगळं बदललं असंही नाही, १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तोच स्वयंपाकी राम पण झाला आणि सीता पण.

चेक करायचं तर सोपंय, 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळं ऑनलाइन आहेत, तारामती नीट बघा, मग 'मोहिनी भस्मासुर'ची कलाकारांची यादी काढा आणि सालं शेजारी शेजारी लिहा.