फायलीचा दिवस केव्हा पुरा होतो?

गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर सप्ताहातलं भजन दुपारी सुरू होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अखंड चालतं. मध्यरात्री तारीख बदलते, भजन मात्र चोवीस तास पुरे झाल्यावरच थांबतं. लिनक्स या संगणकप्रणालीच्या टर्मिनलवर, म्हणजे टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीत, जुन्या फायली निवडताना दिवस नेमका असाच मोजला जातो.

या कामाची कमांड म्हणजे 'फाइंड'. तिला 'एमटाइम +३०' अशी अट घातली की तीस दिवसांहून जुन्या फायली मिळतील, असं कुणालाही वाटेल. पण फाइंड आधी फायलीचं वय सेकंदांत काढते, त्याला ८६,४०० ने, म्हणजे एका दिवसाच्या सेकंदांनी, भागते आणि अपूर्णांक सोडून देते. समजा, भजनाचं एक रेकॉर्डिंग ३० दिवस २० तासांचं आहे. भागाकार ३० आला. तीस काही तिसापेक्षा मोठे नव्हेत, म्हणून ते यादीत येत नाही. आणखी चार तास गेले, ३१ दिवस भरले की येतं. तारखेप्रमाणे, मध्यरात्रीपासून दिवस मोजायचा असेल तर लिनक्सवर सहसा असणाऱ्या जीएनयूच्या फाइंडमध्ये अटीच्या आधी 'डेस्टार्ट' लिहावं.

आता वय म्हणजे कशापासूनचं? एमटाइम ही मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ. एटाइम ही वाचल्याची. सीटाइमला पुष्कळजण फायलीची जन्मवेळ समजतात, तसं नाही; फायलीची परवानगी किंवा मालक बदलला तरी ती बदलते. मंडळाची जुनी रेकॉर्डिंग मी एकदा पेनड्राइव्हवरून 'सीपी' या नक्कल करणाऱ्या साध्या कमांडने उतरवली आणि सगळ्यांवर त्याच दिवसाचा एमटाइम बसला. कित्येक वर्षांची भजनं एका दुपारीत कोवळी झाली. सीपीला 'पी' हा पर्याय जोडला असता तर मूळ वेळा टिकल्या असत्या.

सगळ्यात जपायचं ते फाइंडच्या, सापडलेल्या फायली पुसणाऱ्या 'डिलीट'ला. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासते. एमटाइमच्या आधी डिलीट लिहिलं तर वय बघण्यापूर्वीच सगळं पुसलं जातं, आणि तिथे कचऱ्याची टोपली नसते. मी आधी डिलीटशिवाय कमांड चालवतो, आलेली यादी नीट वाचतो आणि मगच डिलीट शेवटी जोडतो.

सप्ताहाची रेकॉर्डिंग वेगळी काढायला मला दिवसांचा हिशेबच नको असतो. फाइंडच्याच 'न्यूअरएमटी' या अटीपुढे भजन सुरू झाल्याची तारीख आणि वेळ लिहिली की त्यानंतरची प्रत्येक फाइल समोर येते, पहाटेच्या भजनाची धरून.