दोघांचं पीजी एकाच शहरात: नीट-पीजी प्रवेशात डॉक्टर जोडप्यांनी फॉर्म कसे भरायचे

नवरा-बायको दोघंही एमबीबीएस, दोघांनी एकाच वर्षी नीट-पीजी (पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) दिली आणि दोघांनाही मुंबईतच राहायचंय. किंवा साखरपुडा झालाय, लग्नाची तारीख पीजीच्या सीटवर अडली आहे. अशा जोडप्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पती-पत्नी म्हणून एकत्र अर्ज करता येतो का?’ नाही येत. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या प्रवेशात जोडप्याला दोघांच्या पसंतीक्रमाची जोडी लावून देता येते. आपल्याकडे एमसीसी (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) आणि राज्याचा सीईटी कक्ष (प्रवेश परीक्षा कक्ष), या दोन्हींच्या संगणकांना फक्त रँक, प्रवर्ग आणि पसंतीक्रम कळतो. अर्ज दोन, लॉगिन दोन, अनामत दोन. जोडी जमवायची ती पसंतीक्रमातच.

नंतर बदली करून एकत्र येऊ, या भरवशावर तर अजिबात राहू नका. पीजीच्या विद्यार्थ्याला एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात स्थलांतर करायला नियमानं परवानगी नाही. लग्न, बाळंतपण, सासर-माहेर, कुठलंच कारण चालत नाही. एमडी-एमएसची तीन वर्षं जिथे लागलं तिथेच काढावी लागतात.

कुठल्या सीट कुठून मिळतात

सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांतल्या निम्म्या सीट अखिल भारतीय कोट्यातून, म्हणजे एमसीसीच्या पोर्टलवरून भरतात. उरलेल्या निम्म्या राज्याच्या सीईटी कक्षाकडून. मुंबईत त्यात जे. जे. (ग्रँट), केईएम (सेठ जी. एस.), नायर, सायन आणि कूपर ही कॉलेजं येतात. कळव्याचं राजीव गांधी कॉलेज ठाणे पालिकेचं. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम अभिमत विद्यापीठांत मोडतात, तिथल्या सगळ्या सीट एमसीसीकडूनच. सोमय्यासारखी खासगी कॉलेजं सीईटी कक्षाकडे. हिंदुजा, जसलोक यांसारख्या रुग्णालयांतल्या डीएनबीच्या (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, म्हणजे एनबीईएमएसची, एमडी-एमएसच्या तोडीची पदवी) सीटही आता एमसीसीच्याच यादीत दिसतात.

म्हणून दोघांनीही दोन्ही पोर्टलवर नोंदणी करावी. पैसे वाचवायला एकानं एमसीसी आणि दुसऱ्यानं फक्त राज्य असं केलं, तर अर्ध्या वाटा सुरुवातीलाच बंद होतात. एमसीसीच्या अखिल भारतीय कोट्याचं नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ५०० रुपये. परत मिळणारी अनामत अनुक्रमे २५,००० आणि १०,००० रुपये. अभिमतसाठी शुल्क ५,००० आणि अनामत २ लाख. ही अनामत ज्या खात्यातून किंवा कार्डावरून भरली, त्याच खात्यात परत जाते. सायबर कॅफेवाल्याच्या नाहीतर मित्राच्या कार्डावरून भरलीत, तर पैसे तिकडे जातील. प्रत्येकानं आपापल्या खात्यातून भरलेलं बरं.

राज्य कोट्यासाठी एमबीबीएस महाराष्ट्रातल्या कॉलेजातून झालं असेल तर वाट सरळ आहे. अडचण येते ती एक जण बाहेरच्या राज्यात शिकलेला असतो तेव्हा. पीजीला निव्वळ रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २९ जानेवारी २०२५ रोजी दिला. त्यामुळे ‘लग्न मुंबईत झालंय, आता मी महाराष्ट्राची’ एवढ्यावर विसंबू नये. त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतलं पात्रतेचं प्रकरण शब्दन् शब्द वाचावं. बाहेरून शिकलेल्या जोडीदारासाठी अखिल भारतीय कोटा, अभिमत आणि डीएनबी या तीन वाटा धरून चालावं.

वेटिंग लिस्ट असते कुठे?

‘माझा वेटिंग नंबर किती?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. या प्रक्रियेत वेटिंग नंबर नसतो. फेरी लागते, शेवटची सीट कुठल्या रँकला गेली ते कळतं आणि त्याखालचे सगळे पुढच्या फेरीची वाट बघतात. सीट मोकळी होते ती मुख्यतः तीन कारणांनी: कुणी रुजू झालं नाही, कुणी रुजू होऊन राजीनामा दिला, किंवा कुणाला वरची सीट लागून आधीची सुटली. या तिसऱ्या प्रकाराला व्हर्च्युअल व्हेकन्सी म्हणतात. फेरी चालू असतानाच सुटलेली सीट त्याच फेरीत पुढच्या रँकवाल्याला मिळते, म्हणून रिक्त जागांच्या यादीत ती आधी दिसत नाही. जी शाखा यादीत ‘शून्य’ दिसते ती पसंतीक्रमातून काढून टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. शून्य असली तरी भरावी.

आता जोडप्याचा खरा पेच. दोघांचाही निकाल एकाच दिवशी, एकाच पीडीएफमध्ये येतो. त्याला कुठे लागलं ते बघून तिला त्याच फेरीत काही बदलता येत नाही. ती बदल करू शकते तो पुढच्या फेरीत. म्हणजे जोडपं कायम एक फेरी मागे चालत असतं. त्यातून फेरीगणिक बाहेर पडणं महाग होत जातं. एमसीसीच्या पहिल्या फेरीतली सीट नाही घेतली तरी काही जात नाही. दुसऱ्या फेरीतली सोडली तर अनामत जप्त. तिसऱ्या फेरीत रुजू झालात की सोडताच येत नाही. शेवटच्या स्ट्रे फेरीत सीट लागून गेलात नाही, तर अनामत तर जातेच, शिवाय पुढच्या नीट-पीजीलाही बसू देत नाहीत. एक फेरी मागे चालणं आणि बाहेर पडणं महाग होत जाणं, हे दोन्ही एकत्र ठेवून बघितलं की एकच निष्कर्ष निघतो: एकमेकांकडे बघून पावलं टाकायची ती दुसऱ्या फेरीपर्यंत. तिसरी फेरी, ज्याच्या हातात अजून काहीच नाही त्याच्यासाठी.

यादी कुणाची आधी?

बहुतेक घरांत चांगला रँकवाला आधी आपली यादी करतो आणि दुसरा त्याच्यामागे धावतो. हे उलटं करायला हवं. शहर ठरवायचं ते खालच्या रँकवाल्यानं, कारण त्याला मोजकीच ठिकाणं मिळू शकतात.

समजा तिचा रँक ६,००० आणि त्याचा ४१,०००. दोघं शेजारी बसा. मागच्या वर्षाच्या सर्व फेऱ्यांचे निकाल पोर्टलवर असतात. आधी त्याच्या प्रवर्गात ४१ हजारांच्या अलीकडे-पलीकडे कुठल्या शहरात कुठल्या शाखा गेल्या ते वहीत मांडा, प्रत्येक फेरीचा रकाना वेगळा. मग गावं वर्तुळात बसवा. पहिलं वर्तुळ परळ, सायन, मुंबई सेंट्रल, भायखळा, जुहू. दुसरं कळवा, नेरूळ, कामोठे. तिसरं पुणे आणि नाशिक. तिसऱ्या वर्तुळात एकत्र राहणं म्हणजे फार तर आठवड्यातून एक सुट्टी, तीही दोघांच्या इमर्जन्सी ड्युटीचे आणि तिच्या दुसऱ्या दिवसाचे (पोस्ट-इमर्जन्सी) दिवस जुळले तर. जेआर-१ च्या, म्हणजे निवासी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षी ते क्वचितच जुळतात. पण दुसऱ्या वर्तुळाला कमी लेखू नका. एक जण केईएमला आणि दुसरा कळव्याला, मध्ये कुर्ल्या-घाटकोपरला खोली, अशी घरं चालतात.

त्याच्या वर्तुळात काय आहे ते कळलं की तिनं स्वतःच्या यादीला कात्री लावायची. हेच जिवावर येतं. तिला अहमदाबादला रेडिओलॉजी मिळू शकते आणि मुंबईत पेडियाट्रिक्स. अहमदाबाद यादीत वर ठेवलं तर संगणक तेच देणार, आणि ते दिल्यावर ‘मला मुंबई हवी होती’ या बोलण्याला अर्थ नाही. जिथे खरंच जाणार नाही ते नाव यादीत नको. पण शाखा सोडून शहर निवडायचं की शहर सोडून शाखा, हा निर्णय यादी लॉक व्हायच्या आदल्या रात्री घेऊ नये. शाखा जन्मभराची, दुरावा तीन वर्षांचा, असं घरातले सांगतात. त्या तीन वर्षांना बॉण्ड जोडून हिशेब करा. महाराष्ट्रात सरकारी पीजीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, ती न केल्यास ५० लाख रुपये भरावे लागतात. इतर राज्यांत हा काळ आणि दंड निराळा, कुठे कुठे बराच जास्त. एकाला परराज्यात सीट आणि तिथलाच बॉण्ड पडला तर दुरावा तीन वर्षांवर थांबत नाही.

खालच्या रँकवाल्यानं मुंबईतच राहण्यासाठी डीएनबी आणि दोन वर्षांचा एनबीईएमएस डिप्लोमा यांकडे लक्ष द्यावं. पेडियाट्रिक्स, भूल, स्त्रीरोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा अशा शाखांत हा डिप्लोमा आहे. एमडी नाही म्हणून तो यादीबाहेर ठेवणारे बरेच जण शेवटी मुंबईलाच मुकतात.

आणखी एक. एमसीसीच्या दर फेरीला पसंतीक्रम नव्यानं भरावा लागतो. जुनी यादी पुढे चालत नाही.

‘अपग्रेड’ आणि ‘रिटेन्शन’: इथेच जोड्या फुटतात

दोन पोर्टलची पद्धत एकमेकांच्या उलटी आहे. एमसीसीच्या सीटवर रुजू होताना काउंटरवरचा कारकून स्क्रीन बघत विचारतो, ‘अपग्रेडेशनला तयार, हो की नाही?’ ‘हो’ म्हटलंत तरच पुढच्या फेरीत तुमचा विचार होतो. ‘नाही’ म्हटलंत की तीच सीट कायमची. राज्याच्या प्रक्रियेत तुम्ही आपोआप पुढच्या फेरीत असता. आहे तीच सीट हवी असेल तर कॉलेजात स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो राहिला, आणि यादीत वर कुठेतरी नागपूर किंवा मिरज असेल, तर सायनची सीट जाऊन नागपूर हातात येतं. जुनी सीट त्याच क्षणी दुसऱ्याची झालेली असते. रडून, अर्ज करून ती परत मिळत नाही.

जोडप्यानं काय करावं? तिला पहिल्या फेरीत एमसीसीकडून मुंबई लागली, त्याला काहीच नाही, तर तिनं रुजू होऊन ‘हो’ म्हणावं, पण दुसऱ्या फेरीच्या यादीत फक्त मुंबईतल्याच अधिक चांगल्या शाखा भराव्यात. वरचं काही लागलं नाही तर हातातली सीट कायम राहते. त्याला मुंबई लागण्याची आशाच नसेल तर पुण्याच्या निवडक शाखाही या यादीत घालता येतात. मात्र त्याआधी दोघांनी दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून एकेक ओळ वाचावी: तिची ही ओळ लागली आणि त्याची ही लागली, तर चालेल का? एकाही जोडीला ‘नाही’ उत्तर आलं तर ती ओळ खोडा. राज्यात दोघांनाही हवी तशी जोडी जमली की त्याच दिवशी दोघांनीही रिटेन्शन फॉर्म द्यावा आणि पोचेचा फोटो काढून ठेवावा. काउंटरवर जे उत्तर नोंदवलं ते प्रवेश झाल्याच्या पत्राच्या प्रिंटवर छापून येतं. तिथेच उभं राहून वाचा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

राजीनामा द्यायची वेळ आली तर तो पोर्टलवरूनच तयार झालेला हवा. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र एमसीसी मानत नाही. तुमचं नाव सीटवर तसंच राहतं आणि पुढच्या फेरीत अपात्र ठरता.

कागदपत्रं, आणि लग्नानंतरचं नाव

नेहमीचे कागद असे: नीट-पीजीचं प्रवेशपत्र आणि निकालपत्र, एमबीबीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, वैद्यकीय परिषदेची नोंदणी, जन्मतारखेसाठी दहावीचा दाखला, फोटो ओळखपत्र, अलॉटमेंट लेटर. मूळ प्रती रुजू होताना कॉलेज ठेवून घेतं, म्हणून चार-पाच साक्षांकित संच आणि स्कॅन आधीच करून ठेवावेत.

विवाह प्रमाणपत्र या यादीत नाही. ते लागतं फक्त नाव बदललं असेल तर, आणि तिथेच गोंधळ होतो. आधार नव्या आडनावाचं, गुणपत्रिका माहेरच्या, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी जुन्याच नावाची. पडताळणीच्या टेबलावर हे जुळेना की माणूस बाजूला काढतात. प्रवेश पूर्ण होईपर्यंत आधारवरचं नाव न बदलणं हाच सोपा उपाय. बदललंच असेल तर विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद आणि प्रतिज्ञापत्र तिन्ही बरोबर ठेवा. कौन्सिलच्या नोंदणीतल्या नावबदलासाठी चिंचपोकळीच्या कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

लग्नानं जात बदलत नाही. जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवर, नॉन-क्रिमिलेअर आई-वडिलांच्या उत्पन्नावर. राज्याच्या राखीव सीटला जात वैधता प्रमाणपत्र हवं, आणि नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चच्या मुदतीतलं. एमसीसीला ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला चालतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्ग) फक्त राज्यात. परराज्यातून लग्न करून आलेल्या मुलीचा तिकडचा ओबीसी दाखला महाराष्ट्र कोट्यात उपयोगी पडत नाही.

ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मात्र उलट आहे. तिथे कुटुंबाच्या व्याख्येत जोडीदार येतो, आणि मर्यादा आधीच्या आर्थिक वर्षातल्या ८ लाखांच्या एकूण उत्पन्नाची. एक जण वैद्यकीय अधिकारी म्हणून महिना ६७,००० रुपयांवर नोकरी करत असेल तर त्या पगारानंच मर्यादा ओलांडली जाते आणि दुसऱ्याचाही दाखला जातो. लग्नाआधी काढलेला दाखला दाखवून सीट घेतली आणि पडताळणीत उघड झालं तर प्रवेश रद्द होतो. नोंदणीच्या आधी तहसीलदार कार्यालयातून नवा दाखला मिळतो का ते बघा. मिळत नसेल तर खुल्या प्रवर्गातून अर्ज भरा आणि वर सांगितलेली वहीतली मांडणी त्याच प्रवर्गाच्या रँकनं पुन्हा करा.