‘प्रश्न उद्भवत नाही’ : उत्तर टाळण्याच्या भाषेची पार्श्वभूमी

विधिमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांत एक वाक्य इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतच नाही : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ तारांकित प्रश्नाचे, म्हणजे ज्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते त्या प्रश्नाचे, भाग ठरलेले असतात. पहिल्यात ‘हे खरे आहे काय’, दुसऱ्यात ‘असल्यास’, तिसऱ्यात चौकशी केली काय व त्यात काय आढळून आले, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ एवढे उत्तर आले की खालचे सगळे भाग जागच्या जागी मरतात. ‘हे अंशतः खरे आहे’ हे उत्तर त्याहून सोयीचे, कारण किती अंश खरे हे लिहिण्याचे बंधन कुठेच नाही.

पुण्यात कट्ट्यावर हा विषय निघाला की बोट माणसाकडे जाते. अमका मंत्री लबाड, तमका हजरजबाबी, फलाणा उपप्रश्नाला, म्हणजे उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या पुढच्या प्रश्नाला, घाबरतो. मी काही वर्षे एका आमदारांच्या कार्यालयात प्रश्न लिहून देण्याचे काम केले. त्या काळात एक गोष्ट पक्की कळली : बहुतेक उत्तरे सभागृहात टाळली जात नाहीत, ती टाळलेल्या अवस्थेतच सभागृहात येतात. मंत्री उभे राहण्याच्या कितीतरी आधी मसुद्यात ते काम झालेले असते, आणि मसुद्याची ती भाषा शंभराहून अधिक वर्षे घडत आलेली आहे.

सुरुवात थोडक्यात. १८६१ च्या कायद्याने आलेल्या कौन्सिलांत, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळांत, सभासदाला प्रश्न विचारण्याचा हक्कच नव्हता. तो १८९२ च्या कायद्याने मिळाला. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधल्या भिंगा इथल्या राजांनी केंद्रीय कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या लवाजम्याला शिधा पुरवताना गावच्या दुकानदारांची जी ओढाताण होई, त्याबद्दलचा. पण उत्तरावर चर्चा नाही आणि उपप्रश्नही नाही. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा १९०९ मध्ये मिळाली, इतर सभासदांना १९१९ च्या सुधारणांनंतर. म्हणजे या देशात प्रश्नाचा हक्क आला तेव्हा त्याच्या मागे लागण्याचा हक्क सोबत आला नव्हता, आणि उत्तर लिहिणाऱ्यांची पहिली पिढी त्या निर्धास्त काळात तयार झाली.

त्या काळातला पुण्याचा एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सैनिक घरोघर शिरत होते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांची हकीकत तिथल्या वृत्तपत्राला सांगितली. कॉमन्स सभेत प्रश्न उपस्थित झाला. भारतमंत्र्यांनी माहिती मागवली ती मुंबई सरकारकडून, म्हणजे ज्यांच्या कारभाराबद्दल तक्रार होती त्यांच्याकडूनच. तिकडून तार गेली की आरोप खोडसाळ आहेत. गोखल्यांना पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड करता येईनात, पुरावा उभा करता येईना, आणि परतल्यावर त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. त्या माफीबद्दल पुण्यात पुढे खूप लिहिले-बोलले गेले. उत्तर कोणी तयार केले याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आजही तसेच चालते. आमदाराचा प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे जातो, तिथून आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे, आणि फिरत फिरत त्याच उपअभियंत्याच्या टेबलावर येतो ज्याच्या कामाबद्दल तो विचारलेला असतो. ‘एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय, आजच्या आज माहिती द्या’ असा फोन येतो आणि कार्यालय दुपारचे जेवण सोडून कामाला लागते. तो जो दोन ओळींचा अहवाल वर पाठवतो, तो प्रत्येक टेबलावर थोडा गुळगुळीत होत जातो. ‘काम झालेले नाही’चे ‘काम प्रस्तावित आहे’ होते, पुढच्या टेबलावर ‘कार्यवाही सुरू आहे’ होते. शेवटी मंत्र्यांच्या हातात संभाव्य उपप्रश्नांच्या टिपणीसह जे पडते, त्यात मूळ ‘नाही’ सापडत नाही.

आता मधली काही दशके सोडून जुलै १९३७ कडे येतो. १९३५ च्या कायद्याखाली निवडून आलेल्या मुंबई विधानसभेचे पहिले अधिवेशन पुण्यात, कॅम्पातल्या कौन्सिल हॉलमध्ये भरले. त्या सभेने निवडलेले अध्यक्ष ग. वा. मावळंकर पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १ डिसेंबर १९५३ रोजी लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती नेमली गेली. संबंध इतिहासात मला सर्वांत जास्त घोळ याच ठिकाणी दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो.

अडचण अशी होती. मंत्री म्हणत, ‘माहिती मागवली आहे, आल्यावर सभागृहापुढे ठेवू.’ सभासद खाली बसत. अधिवेशन संपे. माहिती आली का, हे बघत राहणे ज्याचे त्याचे काम, आणि सभासदाकडे इतकी चिकाटी क्वचित असे. समितीने हे काम स्वतःकडे घेतले. मंत्र्यांच्या उत्तरांतून आश्वासने वेचायची, त्यांची नोंद करायची आणि तीन महिन्यांत पूर्तता मागायची. पण त्यासाठी आधी ठरवावे लागले की आश्वासन म्हणजे काय. ‘मी वचन देतो’ असे मंत्री कधीच म्हणत नाहीत. म्हणून नमुन्याच्या वाक्यांची यादी तयार झाली. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘चौकशी सुरू आहे, माहिती सन्माननीय सभासदांना पुरवली जाईल’, ‘हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे, तरी मी पाहीन’, ‘मी राज्य सरकारांना लिहीन’, इतकेच काय, ‘दौऱ्यावर असताना प्रत्यक्ष पाहणी करीन’ हेही त्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे आणि तिचे काम याच धर्तीवर चालते.

अशी यादी करण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर दोन्ही बाजूंनी मनापासून बोलणारी माणसे मी पाहिली आहेत. बरोबर म्हणणाऱ्यांचे म्हणणे साधे आहे : टाळाटाळीचा शब्दच सरकारच्या गळ्यात बांधला. ‘विचाराधीन’ म्हणालात ना, मग विचार कुठवर आला ते तीन महिन्यांत सांगा. यात एक धाडस आहे. पोकळ शब्दाला वजन देण्याचा तो प्रयत्न होता आणि काही काळ तो चांगला चाललाही.

दुसरी बाजू मसुदे पाहिलेल्या माणसालाच पटते. कोणते शब्द बांधतात हे एकदा जाहीर झाले की लिहिणारा ते शब्द वगळून लिहितो. ‘विचाराधीन आहे’ ऐवजी ‘ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे’. ‘माहिती मागवली आहे’ ऐवजी ‘अशी माहिती ठेवली जात नाही’. पहिल्या वाक्यात निदान उद्याची तारीख होती. दुसऱ्यात काहीच नाही. आणि यादीतला शब्द चुकून निघालाच तर विभाग मुदतवाढ मागतो, किंवा ‘हे आश्वासन समजू नये, वगळावे’ अशी विनंती करतो. मग समितीपुढे वाद चालतो तो काम झाले की नाही याचा नसतो, अमुक वाक्य आश्वासन होते की नव्हते याचा असतो. वर्षानुवर्षे प्रलंबित असलेल्या आश्वासनांनी समित्यांचे अहवाल भरलेले दिसतात ते यामुळेही. माझे मत विचाराल तर समिती हवीच होती. यादी मात्र उघड नियम म्हणून न ठेवता समितीच्या विवेकावर सोडायला हवी होती.

याच्या पाठोपाठ १९५७ चे प्रकरण आले. सरकारी आयुर्विमा महामंडळाने कानपूरच्या एका उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले होते. सप्टेंबरमध्ये लोकसभेत याबद्दल प्रश्न आला, पण उत्तरातून सभागृहाला पूर्ण चित्र मिळाले नाही. डिसेंबरमध्ये सत्ताधारी पक्षाच्याच एका खासदाराने सगळे प्रकरण पुन्हा उकरून काढले. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा एकसदस्य आयोग नेमला गेला, त्याने उघड सुनावण्या घेतल्या, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना जावे लागले. संसदेला सुरुवातीलाच विश्वासात घेतले असते तर पुढचे बरेच टळले असते, हा त्यातला धडा. पण कारभाराने त्यातून वेगळाच धडा घेतला असे मला वाटते : चुकीचे उत्तर महागात पडते. चुकीच्या उत्तराविरुद्ध सभासद अध्यक्षांना लिहू शकतो, जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर हक्कभंग आणू शकतो. रिकाम्या उत्तराविरुद्ध असे काहीच नाही. मंत्र्याने कसे उत्तर द्यावे हे अध्यक्ष ठरवू शकत नाहीत. फार तर प्रश्न राखून ठेवतात, अर्धा तास चर्चा मान्य करतात. साहजिकच उत्तरे खोटी होण्याचे प्रमाण घटले आणि रिकामी होण्याचे वाढत गेले.

गेल्या काही वर्षांत हे सगळे फार उघड्यावर आले. संसदेच्या सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला, फक्त लेखी उत्तरे राहिली. उपप्रश्न नाही. १८९३ सालच्यासारखेच. त्याच अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, १४ सप्टेंबरला, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले या प्रश्नाला उत्तर आले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. नुकसानभरपाईचे काय? आकडेवारीच नसल्याने प्रश्न उद्भवत नाही. पुण्याहून त्या उन्हात चालत निघालेली कुटुंबे ज्यांनी सोलापूर रस्त्यावर, नगर रस्त्यावर डोळ्यांनी पाहिली, त्यांनी हे उत्तर काय वाटून वाचले असेल?

पुढच्या वर्षी, २० जुलै २०२१ रोजी, राज्यसभेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल विचारले गेले. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही, असे उत्तर मिळाले. शब्दन् शब्द पाहिला तर यात खोटे काढता येत नाही. राज्यांनी त्या रकान्यात खरेच काही भरले नव्हते, आणि राज्यांतली सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. पण तीनच महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजनपुरवठा तुटला होता आणि वीसहून अधिक रुग्ण गेले होते. ही बातमी देशभर छापून आली होती. मुंबई सरकारच्या १८९७ च्या तारेपासून आपण फार पुढे आलेलो नाही. खालच्याने कळवले नाही, म्हणून वरच्याला ठाऊक नाही.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. मुख्य सभेत लेखी प्रश्न देऊन आयुक्तांना उभे करायला कोणी उरले नाही. मग खड्डे, ओढे, कचरा डेपो, पाण्याच्या टाक्या हे सगळे विधानसभेच्या यादीत शिरले. तिथे नगरविकासाचे उत्तर महापालिकेच्याच अहवालावर उभे, म्हणजे अंतर वाढले आणि उत्तर देणारा तोच राहिला.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानंतर आमच्या भागातल्या एका सोसायटीची सीमाभिंत गेली होती. भिंतीच्या जागी निळे पत्रे उभे होते. मी प्रश्न लिहिला तो नेहमीच्या साच्यात : भिंत कोसळली हे खरे आहे काय, असल्यास पुन्हा बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. उत्तर आले : (१) हे अंशतः खरे आहे. (२) सदर भिंत खासगी मिळकतीत असल्याने प्रश्न उद्भवत नाही. सोसायटीच्या अध्यक्ष, सत्तरीच्या एक काकू, तो कागद हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. ‘अरे, अंशतः म्हणजे? अर्धी भिंत उभी आहे म्हणतायत का ते?’

माझी चूक माझ्या लक्षात आली. ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ घातले की उत्तर टाळण्याचे दार मीच उघडून देतो. पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न पुन्हा लिहिला आणि त्यात ‘हे खरे आहे काय’ ठेवलेच नाही. ओढ्याच्या पात्राची हद्द शेवटची कोणत्या तारखेला मोजली, मोजणीत भिंतीचे किती मीटर पात्राच्या हद्दीत आले, आणि पात्राच्या हद्दीतल्या भागाची जबाबदारी कोणत्या विभागाची, एवढेच विचारले. या वेळी तारीख आली, मीटर आले, आणि तिसऱ्या भागात आले : ‘अंदाजपत्रक तयार करण्याची बाब विचाराधीन आहे.’

त्याच दिवशी आमदारांच्या सहीचे पत्र आम्ही आश्वासन समितीकडे पाठवले, की हे वाक्य आश्वासन म्हणून नोंदवून घ्यावे. पोच मिळाली ती काकूंनी लॅमिनेट करून सोसायटीच्या फलकावर लावली, निळ्या पत्र्यांपासून दहा पावलांवर.